प्रश्न कुठे छापलाय?

महोदय,

गेल्या आठवड्यात महालातल्या आमच्या गल्लीत सर्वेक्षणवाला पोरगा टॅब घेऊन आला. "काकाजी, विदर्भावरचा अन्याय दूर व्हावा म्हणून वेगळं राज्य हवं का?" मी 'हो' म्हटलं. दुपारी शेजाऱ्यांना दुसऱ्याच कोणाचा फोन आला: "महाराष्ट्राचे तुकडे करावेत का?" ते 'नाही' म्हणाले. गंमत म्हणजे आम्हा दोघांचं मत एकच. विदर्भाला निधी-नोकऱ्यांत योग्य वाटा देण्याचं वचन देणाऱ्या १९५३च्या नागपूर कराराचा हिशेब आम्ही रोज तर्री-पोह्यांवर मांडतो.

प्रश्नाचे शब्द बदलले की उत्तर बदलतं, ही खोड जुनी आहे. अमेरिकेत १९४१ साली जनमताचे अभ्यासक डोनाल्ड रग यांनी ती दाखवून दिली. लोकशाहीविरोधी भाषणांना 'परवानगी द्यावी का' या प्रश्नाला ६२ टक्के 'नको' म्हणाले. 'बंदी घालावी का' असं विचारल्यावर बंदीच्या बाजूने ४६ टक्केच उरले.

आपण अशा सर्वेक्षणांची टक्केवारी पहिल्या पानावर, रंगीत छापता. प्रश्न मात्र कुठेच नसतो. तो जसाच्या तसा छापावा, ही विनंती. 'सांगता येत नाही' हा पर्याय होता का, तेही कळू द्या. (त्या पोराच्या टॅबवर नव्हता. चष्मा लावून पाहिलं.)

– एक वाचक, महाल, नागपूर