७२ तासांचं आधी छापा

संपादक साहेब, नमस्कार.
एचआयव्हीबद्दल छापून येतं त्यात भीतीच जास्त असते, कामाची माहिती शेवटच्या ओळीत, म्हणून हे पत्र. कंडोम फाटला किंवा दुसऱ्याची वापरलेली सुई टोचली की माणूस रात्रभर मोबाईलवर लक्षणं शोधत बसतो आणि नेमका महत्त्वाचा वेळ तिथेच जातो, कारण एचआयव्हीची लागण रोखणारी पीईपी नावाची औषधं असतात ती ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितक्या लवकर तितकं चांगलं, आणि मग २८ दिवस रोज घ्यायची. किती जणांना माहितीये हे? डॉक्टरला सांगायची लाज वाटते हे मान्य, पण तरी जा, त्याच दिवशी जा.

आणि जिथे धोकाच नाही तिथे लोक झोप घालवतात याचं मला फार वाईट वाटतं. मिठी, एका ताटात जेवण, डास, संडास, थुंकी यातून एचआयव्ही होत नाही. दवाखान्यात काम करताना बाधित रक्ताची सुई टोचली आणि औषध घेतलं नाही तरी लागण साधारण ३०० मध्ये एकाला होते. ताप, पुरळ यावरून काही ठरत नाही हो, टेस्टच करायची, लॅबमधली चौथ्या पिढीची टेस्ट (रक्तात व्हायरसचा अंश आणि त्याविरुद्धच्या अँटीबॉडी दोन्ही शोधणारी) धोक्याच्या प्रसंगानंतर ४५ दिवसांनी निगेटिव्ह आली की विषय संपला (पीईपी घेतली असेल तर तारीख डॉक्टरला विचारा). पॉझिटिव्ह आली तरी नियमित औषधाने व्हायरस इतका दबतो की सेक्समधून जोडीदाराला लागण होत नाही, हेही ठळक अक्षरात छापा ना.

– तुमचा एक नियमित वाचक