बस हलकी, टपावर पोती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आरामबसची बांधणी हलकी केल्याने डिझेल वाचते, ब्रेक-टायर जास्त टिकतात, हा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. मुद्दा रास्तच आहे. माझी उमेदीची वर्षे बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फॅब्रिकेशनच्या, म्हणजे धातूचे सांगाडे जोडण्याच्या कामात गेली, म्हणून थोडी भर घालावीशी वाटली.

वजन किती घटवले यापेक्षा ते कुठून काढले हे आधी विचारावे. निपाणीजवळच्या तवंदी घाटाच्या वळणावर बस कलते ती वरच्या भाराने. छतावरचा एसी, वरचे बर्थ, मोठाल्या काचा, सगळे डोक्यावर. पाच मिलिमीटरची काचसुद्धा चौरस मीटरला साडेबारा किलो भरते, आणि हल्ली खिडक्या जणू दुकानाच्या शोकेस! तेव्हा पहिली कात्री वरच्या सामानाला लागावी. उभ्या पिलरना मात्र हात लावू नये. गाडी उलटली तरी छत प्रवाशांवर बसू नये, याच्यासाठीच ‘एआयएस-०३१’ या वाहन-मानकाची चाचणी आहे.

अॅल्युमिनियमचेही तसेच. पोलादाच्या मानाने वजन एक तृतीयांश, पण ताठपणाही एक तृतीयांशच. जुन्याच मापाचा पाइप लावला तर तो लवणारच. सेक्शन, म्हणजे पाइपाचा आडवा छेद, मोठा घ्यावा लागतो. शिवाय गोव्याच्या फेऱ्यांना चोर्ला घाटातला पाऊस. लोखंडी चौकटीला अॅल्युमिनियमचा पत्रा थेट भिडवला की रिव्हेटभोवतीचा रंग आधी फुगतो, नखाने खरवडला तर खालून पांढरी भुकटी सुटते. तो पत्रा आतून खाल्ला गेलेला असतो. दोन धातूंच्या मध्ये रबराची पट्टी आणि सीलंट घालायला असा काय खर्च येतो? पण घाईच्या ऑर्डरीत पहिली काट त्यालाच लागते. दाराजवळचा फ्लोअरचा प्लाय पाणी पिऊन जड होतो, ते वेगळेच.

आता खरे दुखणे. कारागिराने एकेक किलो काढायचा आणि मालकाने पार्सलच्या भाड्यासाठी तो क्विंटलांनी परत चढवायचा! रात्री पुण्या-मुंबईकडे सुटणाऱ्या गाड्यांत मिरचीची पोती, कास्टिंगची खोकी, कधी अख्खी मोटारसायकल दिसते. टपावरच्या पोत्यांनी तोल जातोच. आणि मागे इंजिन असलेल्या गाडीच्या मागच्या डिकीत माल कोंबला की पुढची चाके हलकी पडून स्टिअरिंगची पकड सुटू लागते. प्रवाशाला यातले काहीच कळत नाही, तो आपला पांघरूण घेऊन झोपलेला.

रिकाम्या गाडीचे वजन आरसीत, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रात, नोंदलेले असते. बॉडीत फेरफार झाला, बर्थ वाढले किंवा एसी बदलला, की आरटीओने गाडी पुन्हा काट्यावर घ्यावी. आणि रात्री सुटण्यापूर्वी मागच्या एक्सलवर किती भार आला तेही मोजावे. मालट्रक काट्यावर चढतात, मग माणसे नेणारी बस का नको?

आपला,
एक निवृत्त फॅब्रिकेटर
अनगोळ, बेळगाव