जे पडले त्यांची गोष्ट : मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम सलाम.

तुझं पत्र परवा मिळालं आणि तेव्हापासून डोक्यात तोच मुलगा आहे. तरुण संघात तू हुतात्मा पर्पेतुआची गोष्ट सांगितलीस, मुलं जीव लावून ऐकत होती, आणि सगळे उठल्यावर मागे रेंगाळलेला एक जण तुला म्हणाला, "सर, मला नाही जमणार हे." त्यानंतर तो यायचाच थांबला. आता पुढच्या वेळी कुणाची गोष्ट सांगू, असं तू विचारलं आहेस.

मी मनापासून सांगतो, इतक्यात आणखी एका हुतात्म्याची गोष्ट नको. शहर तेच ठेव, उत्तर आफ्रिकेतलं रोमन कार्थेज. फक्त 47 वर्षं पुढे ये.

पर्पेतुआ 7 मार्च इ.स. 203 रोजी त्या शहराच्या आखाड्यात मेली, अंगावर पिणारं मूल मागे ठेवून. तिच्यासोबत फेलिसिटी होती, दासी, तुरुंगातच बाळंत झालेली. दोघींनी ख्रिस्ती मंडळीला जो अभिमान दिला तो खरा होता. पुढच्या काळात छळ अधूनमधून व्हायचा, पण बरीचशी वर्षं निवांत गेली. मंडळी वाढली. लोक जन्मापासून ख्रिस्ती असू लागले, धंदा-व्यापार, जमीनजुमला, ओळखीपाळखी सगळं आलं. आणि 249 च्या अखेरीस डेसियस हा नवा सम्राट गादीवर आल्या आल्या त्याने हुकूम काढला, की साम्राज्यातल्या प्रत्येकाने देवांना बळी द्यायचा, पेयार्पण करायचं, नैवेद्याचं मांस चाखायचं आणि तसं केल्याचा दाखला घ्यायचा.

यातली मेख लक्षात घे. हुकुमात "ख्रिस्त्यांना मारा" असं कुठेही नव्हतं. दाखला सगळ्यांनाच घ्यावा लागणार होता. असे चाळीसहून अधिक दाखले इजिप्तच्या कोरड्या वाळूत सापडले आहेत, पपायरसवर लिहिलेले, बरेचसे फायूम भागातल्या थिआडेल्फिया गावचे, 250 च्या जून-जुलैमधले. नमुना ठरलेला. बळींवर देखरेख करणाऱ्या समितीस अमक्या गावच्या अमक्याचा अर्ज : मी देवांना नेहमीच बळी देत आलो आहे, आताही हुकुमाप्रमाणे तुमच्यासमोर पेयार्पण केलं, बळी दिला, प्रसाद चाखला, तरी प्रमाणित करावं. खाली दोन अधिकाऱ्यांची साक्ष, की आम्ही तुला बळी देताना पाहिलं. एक दाखला तर मगरदेवाच्या पुजारणीचा आहे! तिलाही रांगेत उभं राहावं लागलं. म्हणजे तुझ्या मुलांच्या डोळ्यांसमोर सिंह आणि आखाडा असेल, पण त्या वर्षी बहुतेकांपुढे आलं ते एक टेबल, एक कारकून आणि एक अर्ज.

आणि मंडळी कोसळली. कार्थेजचा बिशप सिप्रियन याने स्वतः लिहून ठेवलं आहे, कुठलाही आडपडदा न ठेवता. पकडायला कोणी येण्याआधीच लोक फोरमकडे, म्हणजे शहराच्या मुख्य चौकाकडे, धावले. संध्याकाळ झाली, आता उद्या या, असं अधिकारी सांगत होते आणि काही जण आजच उरकून घ्या म्हणून गयावया करत होते. आईबापांनी तान्ह्या लेकरांना कडेवर घेऊन नेलं. काहींनी बळी दिला, काहींनी नुसता धूप टाकला, आणि काहींनी काहीही न करता पैसे चारून दाखला तेवढा मिळवला. हे तिसरे लोक स्वतःची समजूत घालत होते, की आपण तर काही केलंच नाही.

सिप्रियन स्वतः लपला होता, हे मुलांपासून लपवू नकोस. रोमचा बिशप फेबियन 20 जानेवारी 250 रोजी मेला, पहिल्याच तडाख्यात. तिथल्या पाळकवर्गाचं एक पत्र कार्थेजला आलं, त्यात चांगला मेंढपाळ आणि लांडगा पाहून पळणारा मजूर यांचा उल्लेख होता. टोमणा कोणाला ते उघड होतं. सिप्रियनने ते पत्र रोमला परत पाठवलं आणि विचारलं, हे नक्की तुमचंच आहे का, कारण मला अक्षर, मजकूर, एवढंच काय कागदसुद्धा खटकतो आहे. मला यात त्याचं दुखावलेपण दिसतं. पण तो लपून बसला तरी गप्प बसला नाही. वर्षाहून जास्त काळ तो पत्रं लिहीत राहिला, तुरुंगातल्यांना, गरिबांच्या मदतीसाठी, भांडणाऱ्या वडीलवर्गाला. त्या काळाबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे ते मुख्यतः या पत्रांमुळेच.

या पत्रांतली दोन-तीन माणसं तुझ्या मुलाला भेटव, एवढंच माझं मागणं आहे.

पहिली बोना. कॅल्डोनियस नावाच्या बिशपने सिप्रियनला लिहिलेल्या पत्रात ती दोन ओळींपुरती येते. तिचा नवराच तिला ओढत बळी द्यायला घेऊन गेला. इतरांनी तिचे हात धरले आणि तिच्या हातांनी बळी देववला. ती ओरडत राहिली, "मी नाही केलं, तुम्ही केलंत!" आणि तिलाही हद्दपार करण्यात आलं. त्याच पत्रात फेलिक्स, त्याची बायको व्हिक्टोरिया आणि लुसियस आहेत. हे तिघे आधी पडले होते, त्यांनी बळी दिला होता. पुन्हा बोलावणं आलं तेव्हा मात्र त्यांनी विश्वास कबूल केला, आणि घरदार, जमीन सगळं गमावून देशोधडीला लागले. कॅल्डोनियसचा प्रश्न असा, की यांना मंडळीत परत घ्यायचं का? घ्यायचं असं त्याचं स्वतःचं मत होतं, पण एकट्याने ठरवायला तो धजत नव्हता. सिप्रियनने उत्तर दिलं, घ्यायचं. आणि पुढे म्हणाला, पडलेले बाकीचेही असेच उठोत.

दुसरा सेलेरिनस. हा माणूस मला फार आवडतो. त्याची आजी हुतात्मा, दोन काका-मामा हुतात्मे. रोममध्ये त्याला पकडलं आणि 19 दिवस पाय खोड्यात, अंगावर लोखंड अशा अवस्थेत ठेवलं. तो हलला नाही. सुटून आला, तर न्युमेरिया आणि कँडिडा या बहिणी पडलेल्या. त्यांच्यातली एक वाटेतून मागे फिरली होती आणि बळी द्यावा लागू नये म्हणून तिने पैसे भरले होते. खोड्यात बसून आलेल्या माणसाने अशा बहिणींचं तोंडही पाहू नये, असं आपल्याकडचे कितीतरी जण म्हणतील. सेलेरिनसने काय केलं? पुनरुत्थानाच्या सणाच्या आनंदाच्या दिवसांत तो गोणपाट नेसून, राखेत बसून रात्रंदिवस रडत राहिला. आणि कार्थेजच्या तुरुंगात उपासमारीने मरायला टाकलेल्या लुसियनला त्याने पत्र लिहिलं, की माझ्या या बहिणींसाठी रदबदली कर. पत्रात तो सांगतो, कार्थेजहून पळून आलेल्या 65 जणांना घ्यायला या बायका बंदरावर गेल्या, त्यांना शहरात घेऊन आल्या आणि आजतागायत त्यांचं सगळं करत आहेत.

हे मी पुन्हा पुन्हा वाचतो. प्रभुभोजनाला बसायची त्यांना परवानगी नव्हती. मंडळीच्या लेखी त्या बाहेरच्या. आणि मंडळीच्याच 65 निराश्रितांना जेवू-खाऊ घालणं, झोपायला जागा करून देणं चालूच होतं. निष्ठा म्हणजे काय ते मला कोणी विचारलं, तर मी पर्पेतुआच्या आधी यांच्याकडे बोट दाखवीन. तुला पटेल की नाही माहीत नाही, पण मला असंच वाटतं.

लुसियनचं उत्तरही उपलब्ध आहे. दोन कोठड्यांत कोंबलेले कैदी, असह्य उकाडा, मोजूनमापून दिलेली थोडी भाकर आणि पाणी. मॅपॅलिकस यातना सोसताना मेला, बाकीच्यांपैकी बहुतेक भुकेने, अशी नावांची यादी. त्याने मागणी मान्य केली, आणि पुढे तर सगळ्याच पडलेल्यांना आम्ही क्षमा दिली असं सरसकट लिहून टाकलं. तुरुंगातल्यांच्या नावाने अशा चिठ्ठ्या ढिगाने निघू लागल्या. इथे सिप्रियन अडला. तुमच्या मोठेपणाबद्दल शंका नाही, पण क्षमा अशी घाऊक वाटता येत नाही. माणसाने पश्चात्ताप करायला हवा, मंडळीने ते पाहायला हवं, एकेकाचं ऐकून घ्यायला हवं, असं त्याचं म्हणणं. त्यावरून कार्थेजमध्ये फूट पडली.

रोममध्ये बरोबर उलट कारणाने फूट पडली. नोवेशियन म्हणत होता, जे पडले त्यांना मंडळीत कधीच परत घ्यायचं नाही, मरतानासुद्धा नाही. तो विद्वान होता आणि त्याच्या पंथाचे लोक पुढे शेकडो वर्षं टिकले, इतके की 325 मध्ये निकियाच्या बिशप-परिषदेला त्यांच्याबद्दल वेगळा नियम करावा लागला. शुद्ध मंडळीची ओढ मी समजू शकतो. छळात ज्यांचं माणूस मेलं, त्यांना शेजारी बसलेला दाखलेवाला पाहून काय वाटत असेल! पण पेत्राने येशूला तीनदा नाकारलं, आणि प्रभूने त्याच्याच हाती मेंढरं दिली. नोवेशियनच्या मंडळीत पेत्राला जागा मिळाली नसती.

डेसियस 251 च्या उन्हाळ्यात गॉथांशी लढताना मारला गेला. त्याआधीच ईस्टरनंतर सिप्रियन परत आला होता आणि बिशपांची परिषद भरली होती. ठरलं ते असं : ज्यांनी नुसता दाखला घेतला त्यांची एकेकाची चौकशी करून, पश्चात्ताप पाहून परत घ्यायचं, ज्यांनी प्रत्यक्ष बळी दिला त्यांनी पश्चात्तापात राहायचं, आणि मरणाच्या दारात असताना त्यांना प्रभुभोजन द्यायचं. कठोर वाटतं ना? मलाही पहिल्यांदा वाटलं होतं. पण थोड्याच काळात नवा छळ येणार अशी चिन्हं दिसू लागली, तेव्हा याच बिशपांनी ठरवलं, की पश्चात्तापात टिकून असलेल्या सगळ्यांना आत्ताच आत घ्या. लढाईला निघालेल्यांना निःशस्त्र कसं ठेवायचं?

आणि आता ती गोष्ट, जी तू त्या मुलाला नक्की सांग. कॅप्साचे, म्हणजे आजच्या ट्युनिशियातल्या गाफ्साचे, तीन जण : निनस, क्लेमेंशियानस आणि फ्लोरस. स्थानिक अधिकाऱ्यांपुढे, गर्दीच्या मारहाणीपुढे ते ठाम राहिले. मग त्यांना प्रांताधिपतीपुढे उभं केलं. तिथे यातना लांबवत नेल्या, मरूही देईनात. शेवटी त्यांचं मन नाही, तर शरीर हरलं. त्यानंतर तीन वर्षं हे तिघे मंडळीच्या दाराशी रडत होते. ना नोवेशियनकडे गेले, ना रागाने जुन्या देवांकडे. तिथल्या बिशपांनी विचारलं, काय करायचं? सिप्रियनचं उत्तर असं, की इतकं सोसलेल्यांना तीन वर्षांचा शोक पुरे झाला. माझ्या मते त्यांना क्षमा मिळावी.

तुझा तो मुलगा म्हणतो, मला जमणार नाही. त्याला सांग, या तिघांनाही त्या दिवशी जमलं नव्हतं. पण त्यांना तीन वर्षं जमलं. शेवटपर्यंत टिकून राहण्याबद्दल प्रभू जे बोलला ते या तिघांनाही लागू आहे, असं मी अगदी छातीठोकपणे म्हणतो. त्या एका दिवसाची भीती मुलांना सगळ्यात जास्त वाटते, कारण आपण तोच दिवस त्यांना पुन्हा पुन्हा दाखवतो. पुढच्या रविवारचं, त्याच्या पुढच्या रविवारचं कोणी बोलत नाही.

याच मोडक्यातोडक्या मंडळीने पुढे काय केलं तेही सांग. साथ आली, भयंकर, लोक आपल्याच घरच्यांना रस्त्यावर टाकत होते. सिप्रियनने मंडळीला गोळा करून सांगितलं, नुसत्या आपल्यांचीच नाही, परक्यांचीही शुश्रूषा करा. शेजारच्या न्युमिडियात टोळ्यांनी माणसं पळवून नेली, तेव्हा कार्थेजने 1 लाख सेस्टर्स (रोमन नाणी) गोळा करून त्यांना सोडवायला पाठवले.

सिप्रियनबद्दल थोडक्यात. 257 मध्ये सम्राट व्हॅलेरियनने छळ पुन्हा सुरू केला. या वेळी त्याने मरण टाळलं नाही. आधी कुरुबिस या गावी हद्दपारी झाली, आणि 14 सप्टेंबर 258 रोजी प्रांताधिपती गॅलेरियस मॅक्सिमसने त्याला विचार करायला सांगितलं. तो म्हणाला, तुला जो हुकूम आहे तो पाळ. इतक्या स्वच्छ गोष्टीत विचार करण्यासारखं काही नाही. शिक्षा ऐकल्यावर एवढंच बोलला, "देवाचे आभार." मारेकऱ्याला 25 सोन्याची नाणी द्यायला सांगितली. लोकांची गर्दी ओरडत होती, आमचाही शिरच्छेद करा. त्या गर्दीत आठ वर्षांपूर्वी दाखल्याच्या रांगेत उभी राहिलेली माणसं नव्हती, असं कोणी मला सांगितलं तर माझा विश्वास बसणार नाही.

एक व्यावहारिक गोष्ट. तरुण संघाच्या सभेची वाट पाहू नकोस. त्या मुलाच्या घरी जा, त्याच्या आईच्या हातचा चहा घे, आणि आधी त्याचं ऐक. कदाचित पर्पेतुआचा संबंधच नसेल. नोकरीच्या ठिकाणी काही झालं असेल, कुठे तो गप्प बसला असेल आणि तेच त्याला खात असेल. त्याने स्वतःहून काढलं तर बोनाचं वाक्य सांग. नाही काढलं तर नुसता बसून ये, आणि पुढच्या आठवड्यात परत जा.

सिप्रियनची पत्रं मी टपालाने पाठवतो आहे. सेलेरिनसचं पत्र आणि कॅप्साचं उत्तर या दोन ठिकाणी खुणेचे कागद घातले आहेत. समासात माझ्या पेन्सिलच्या खुणा आहेत, त्या खोडायची गरज नाही. तो मुलगा भेटला की लगेच कळव, मी रोज त्याच्यासाठी प्रार्थना करतो आहे.

आईंना आणि घरी सर्वांना सलाम.

तुझा,
जुना बाकमित्र