ओझरच्या फिटर काकांना, माझ्या पहिल्या मिगबद्दल मनापासून थँक्यू

काका, सप्रेम नमस्कार.

हे सगळं तुमच्या घरी येऊन सांगता आलं असतं, पण मुद्दाम चारचौघांसमोर लिहितेय. 26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला मिग-21 हे लढाऊ विमान निवृत्त झालं, आणि त्या आठवड्यात टीव्हीवर, फोनवर, जिकडे तिकडे त्याच विमानाचा विषय होता. 1963 ला ते हवाई दलात आलं, 1971 ला ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाऊसवर त्याने हल्ला केला, कितीतरी पिढ्यांचे पायलट त्याच्यावर तयार झाले, हे सगळं आलं आणि यायलाच हवं होतं. पण आपल्या नाशिक जिल्ह्यात ओझरला कारखान्याच्या शॉपमध्ये दिवसभर उभं राहून ज्यांनी ही विमानं जोडली त्या फिटर लोकांचं नाव कुणी फारसं काढलंच नाही. मला त्यातले एक फिटर माहितीयेत, आणि त्यांनी मला लहानपणी एक मिग जोडायला शिकवलं, ते आज सगळ्यांना कळावं असं वाटलं.

जे ओझरचे नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. एचएएल, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्स या सरकारी विमान कंपनीचा मिगचा कारखाना ओझरला, म्हणजे विमानाचा सांगाडा, पंख, शेपूट सगळं इथे व्हायचं, इंजिन ओरिसातल्या कोरापूटहून यायचं आणि इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादहून. आजूबाजूला द्राक्षाच्या बागा, मधून बाणगंगा, आणि एका बाजूला आमची टाउनशिप. आम्ही पोरं त्या आवाजातच वाढलो. चाचणीला विमान उडालं की वर्गात बाई खडू हातात धरून थांबायच्या, आवाज गेला की पुढचं वाक्य. पण कारखान्याच्या गेटच्या आत काय चालतं ते आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. माझे बाबा अकाउंट्सला होते, त्यांनीही विमान जवळून क्वचितच बघितलेलं. आणि तुम्ही शेजारच्या क्वार्टरमध्ये राहायचात, रोज त्या विमानाला हात लावून घरी यायचात आणि त्याबद्दल एक अक्षर बोलायचा नाहीत. कामाचं कामावर, घरी नाही, असा तुमचा नियम होता आणि तो तुम्ही कधी मोडला नाहीत.

म्हणूनच त्या किटचं मला एवढं अप्रूप. तुमचे मेहुणे इंग्लंडहून आले तेव्हा तुमच्या मुलासाठी, म्हणजे दादासाठी, एक बॉक्स घेऊन आले होते, मिग-21 चं 1/72 स्केलचं मॉडेल किट. दादाला क्रिकेटपुढे काही दिसत नव्हतं, बॉक्स कपाटावर पडून होता. मी रोज संध्याकाळी गॅलरीच्या कठड्याला लटकून विमानं बघत बसायचे ते तुम्ही बघितलेलं असणार, कारण एका रविवारी तुम्ही आईला विचारलंत की पोरीला दुपारी पाठवता का, एक काम आहे. काम आहे असंच म्हणालात. खेळ आहे असं नाही म्हणालात.

बॉक्स उघडला तर आत विमान नव्हतंच. चंदेरी-राखाडी प्लॅस्टिकच्या चौकटी, त्यांना बारीक बारीक तुकडे चिकटलेले, एक पारदर्शक कॅनॉपी, एक घडीचा कागद आणि स्टिकरसारखं काहीतरी. मला वाटलं होतं विमान असेल, तर हे असलं. आणि तुम्ही म्हणालात, आमच्याकडे पण असंच येतं गं. बस, त्या एका वाक्याने माझं लक्ष जे लागलं ते आजपर्यंत लागलेलंच आहे.

पहिल्या दिवशी तुम्ही डिंकाला हातच लावू दिला नाहीत. आधी फूटपट्टी आणायला लावलीत. एक इंच म्हणजे सहा फूट, 1/72 चा अर्थ एवढाच, असं सांगून पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजायला लावलंत. दहा सेंटिमीटरला जरासं कमी भरलं. मग वहीत त्याला 72 ने गुणायला लावलंत आणि उत्तर आलं सात मीटर आणि वर थोडं. खऱ्या मिग-21 चा पंखांचा पसारा 7.15 मीटर आहे, ते मी नंतर पुस्तकात वाचलं. तेव्हा तुम्ही मला घेऊन बाहेर आलात, अंगणात पावलं टाकून सात मीटर मोजलेत, तुळशीपासून काकूंच्या कपड्याच्या दोरीपर्यंत आलं. एवढंच? असं मी म्हणाले, कारण आकाशात ते केवढं तरी मोठं वाटायचं. शाळेत गुणोत्तर प्रमाण नंतर शिकवलं, पण मला ते आधीच येत होतं, अंगणात चालून आलेलं.

मग जोडणी. अर्ध्या ब्लेडने तुकडा चौकटीतून कापायचा, पिरगाळून तोडायचा नाही, तोडलेल्या जागी जो बारका कोंब राहतो तो पॉलिश पेपरवर घासायचा, मग दोन तुकडे कोरडेच एकमेकांना लावून बघायचे, उजेडासमोर धरायचे, फट दिसली की परत घासायचं. फट गेली की मगच ट्यूब. दादा मधेच येऊन म्हणाला फेव्हिकॉल लावा की, तर तुम्ही फेव्हिकॉल लावूनच दाखवलंत दोन रिकाम्या तुकड्यांना, आणि दुसऱ्या दिवशी ते नखाने सुटले. कागद आणि लाकूड यांच्यात तो शिरतो, प्लॅस्टिकमध्ये त्याला शिरायला जागाच नसते. आणि किटबरोबर आलेली ट्यूब काय करते तर ती प्लॅस्टिकचा वरचा थर विरघळवते, दोन्ही बाजूंचा, आणि ते एकमेकांत मिसळून घट्ट होतात, म्हणजे चिकटवणं नाहीच, वेल्डिंग म्हण, असं म्हणालात. म्हणून थोडंच लावायचं. जास्त लावलं तर तुकडाच वितळतो. काकूंचे कपड्याचे चिमटे लावून सांगाडा रात्रभर ठेवला होता आपण, आणि मला झोप लागली नाही कारण सकाळी चिमटे काढायचा मान माझा होता.

एक गोष्ट मला अजून डोळ्यांसमोर दिसते. मिगच्या नाकात तो जो शंकू असतो ना, हवा आत घेण्याच्या तोंडात मधोमध टोकदार सुळका, तो लावायच्या आधी तुम्ही थांबलात आणि म्हणालात, आता सांग, हे विमान तीन चाकांवर ठेवलं तर कुठे झुकेल? मी अंदाजाने म्हणाले मागे. बरोबर होतं, कारण सगळं वजन मागे, पंख मागे, शेपूट जड. मग तुम्ही सायकलच्या डब्यातून छर्रे काढलेत, एम-सील मळलंत, शंकूच्या मागच्या पोकळीत एकेक छर्रा बसवत गेलात, प्रत्येक छर्र्यानंतर विमान दोन बोटांवर तोलून बघायचं काम माझं. मागे कलतंय, अजून मागेच, अजून एक, आणि मग अचानक नाक खाली आलं. तुम्ही फक्त मान डोलावलीत. त्या वयात मला इतका आनंद दुसऱ्या कशाचा झाल्याचं आठवत नाही.

आणि त्या शंकूबद्दल मी विचारलं तेव्हा तुम्ही जरा विचार केलात, बहुतेक हे सांगावं का नाही असा, आणि मग म्हणालात की हे पुस्तकात छापलेलं आहे म्हणून सांगतो. आवाजापेक्षा जास्त वेगाने येणारी हवा तशीच इंजिनात घुसली तर इंजिनाला ती झेपत नाही. हा सुळका तिला आधी अडवून तिचा वेग उतरवतो. आणि वेग वाढेल तसा तो पुढे-मागे सरकतो. हे सांगताना तुमचा उजवा हात मुठीतून पुढे-मागे होत होता आणि मला एकदम कळलं की ह्या माणसाने तो खरा सुळका हाताने बसवलेला आहे. तुम्ही ते म्हणाला नाहीत, म्हणणारही नव्हतात. पण हात खोटं बोलत नव्हता.

नाकापुढची ती लांब नळी, जिच्यावरून पायलटला वेग कळतो, ती बॉक्समध्येच मोडून आली होती. मी रडकुंडीला आले. तुम्ही उरलेल्या चौकटीचा एक तुकडा घेतलात, मेणबत्तीच्या वर जरा उंच धरून फिरवत राहिलात, प्लॅस्टिक मऊ पडून चमकायला लागलं तसं बाजूला घेऊन दोन्ही हातांनी हळूच ओढलंत, आणि मधे केसासारखी तार तयार! पाहिजे तेवढ्या जाडीचा भाग बघून कापायचा. जोरात ओढलं की बारीक, हळू ओढलं की जाड. जगभरचे मॉडेलवाले हेच करतात हे मला पुढे कळलं, पण मी ते ओझरच्या स्वयंपाकघरात शिकले आणि काकू मागून ओरडत होत्या, प्लॅस्टिकचा वास भाजीला लागेल म्हणून.

रंगाला तुम्ही हार्डवेअरच्या दुकानातून चंदेरी ॲल्युमिनियम पेंटची सगळ्यात छोटी डबी आणलीत. माझ्या शाळेच्या पेटीतला पाण्याचा रंग प्लॅस्टिकवर थेंब होऊन ओघळत होता, म्हणून तेलाचा. थिनर नको, टर्पेंटाइन, कारण थिनर प्लॅस्टिक खातो. हे मी आजही नवीन मुलांना सांगते.

आणि मग चक्र, म्हणजे विमानावरची ती गोल खूण. कागदावरच्या खुणा सगळ्या लाल ताऱ्यांच्या होत्या, आणि मला आपलंच हवं होतं. तुम्ही म्हणालात मग आपण करू. वॉशरचा डबा आणलात, मोठ्या भोकाचा वॉशर पंखावर ठेवून आतून जवळजवळ कोरड्या ब्रशने टिपत टिपत केशरी, वाळल्यावर लहान भोकाच्या वॉशरमधून पांढरा, आणि मधला हिरवा ठिपका काही जमेना, तेवढा बारीक वॉशरच नव्हता. काकूंनी टिकल्यांचं पाकीट पुढे केलं. सगळ्यात बारीक हिरवी टिकली. दोन पंखांवर वर-खाली आणि अंगावर दोन्ही बाजूंना, सगळी चक्रं काकूंच्या टिकल्यांची. कुठल्याही परदेशी किटमध्ये असलं चक्र मिळणार नाही, आणि मला आजवर एवढं देखणं चक्र दुसरं दिसलेलं नाही, हे मी अगदी खरं सांगतेय.

सगळं झाल्यावर तुम्ही वहीतला कागद फाडून त्यावर तारीख घातलीत, काम केलं या रकान्यात माझं नाव, तपासलं या रकान्यात तुमची सही. मी म्हटलं तुम्ही पण केलंय की. तर म्हणालात, नाही, मी हात मागेच ठेवले होते. छर्रे, तार, वॉशर एवढं करून दाखवलंत, पण विमानाचा एकेक तुकडा माझ्याच हाताने बसला हे खरंय. तेव्हा मला तो नुसता मान वाटला. आता स्वतः मुलांना शिकवते तेव्हा कळतं की समोरचं पोर वाकडं धरतंय हे दिसत असताना हात मागे ठेवणं किती अवघड आहे. शिफ्ट करून, दिवसभर तेच काम करून, संध्याकाळी परत तेच छोट्या आकारात शेजारच्या पोरीला शिकवायचं, आणि एकदाही कंटाळलात नाही. एकदाही म्हणाला नाहीत की मुलीला कशाला हे.

काका, अजून एक आहे, जे मी कधी बोलले नाही. मिग पडल्याची बातमी आली की तुम्ही दोन-दोन दिवस कुणाशी बोलायचा नाहीत. पुढे पेपरात त्या विमानाला उडती शवपेटी म्हणायला लागले. जे पायलट गेले त्यांच्या घरच्यांचा प्रश्न विचारायचा हक्क शंभर टक्के आहे, तो कुणी नाकारू नये. पण ते शब्द छापताना कुणाला तुमच्यासारख्या माणसाचा चेहरा आठवला नसेल, जो प्लॅस्टिकच्या खेळण्यातली केसाएवढी फट सुद्धा सोडत नव्हता. तुम्ही खरं काम कसं करत असाल ते मला त्या फटीवरून माहितीये. हे मला जाहीरपणे लिहायचं होतं, आणि पत्र लिहायला बसले त्याचं मोठं कारण हेच.

मी इंजिनियर वगैरे झाले नाही, बँकेत आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. पण घरात एक टेबल कायम किटचं असतं आणि सुट्टीच्या दिवशी सोसायटीतली तीन-चार पोरं त्याच्याभोवती असतात. एअरफिक्स, तामिया, रिव्हेल, आता सगळं ऑनलाइन मिळतं, प्लॅस्टिक जोडायचं पातळ सिमेंट ब्रशसकट मिळतं, आपल्या हवाई दलाच्या खुणा पण मिळतात. तरी पहिल्या दिवशी मी त्यांना डिंक देत नाही. फूटपट्टी देते. आमच्या पार्किंगमध्ये सात मीटर म्हणजे दोन गाड्यांच्या जागेपेक्षा थोडं जास्त होतं, आणि पोरं पण तेच म्हणतात, एवढंच?

17 ऑक्टोबर 2025 ला ओझरला तयार झालेलं पहिलं तेजस लढाऊ विमान उडालं तेव्हा तुम्हाला फोन केला होता, तुम्ही फक्त, पोरांनी चांगलं केलं, एवढं म्हणालात. तुमच्या तोंडून ते म्हणजे फार झालं.

तर काका, थँक्यू. काकूंना पण, टिकल्यांसाठी आणि चिमट्यांसाठी आणि प्लॅस्टिकच्या वासाची भाजी खाल्ल्याबद्दल. दिवाळीनंतर नाशिकला येतेय. नवीन मिग-21 चं किट घेतलंय, ह्यावेळी 1/48, कॉकपिट पूर्ण दिसतं त्यात. आतला तो निळसर हिरवा रंग नेमका किती निळा आणि किती हिरवा यावर पुस्तकांत एकमत नाही, प्रत्येक डबीवर वेगळाच. चार छटा कार्डावर मारून आणतेय. तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय आता, तेव्हा दिवसाच्या उजेडात बघून त्यातली कुठली बरोबर ते सांगा. पुस्तकात छापलेलं आहे, म्हणजे सांगायला हरकत नाही.

तुमची,
शेजारच्या क्वार्टरमधली