विषय: अपडेटनंतर ॲप टॉकबॅकवर चालत नसल्याबद्दल (तिसरी तक्रार)

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

तुमच्या कस्टमर केअरशी 27 मिनिटं बोलून आत्ताच फोन ठेवला. डोकं गरम असतानाच लिहितेय. शांतपणे लिहिलेल्या पत्रांचं तुमच्याकडे काय होतं ते दोनदा पाहून झालंय.

मी पूर्ण अंध आहे, फोन टॉकबॅकवर वापरते, म्हणजे स्क्रीनवर बोटाखाली जे येईल ते फोन मोठ्याने वाचून दाखवतो. चार वर्षं तुमच्या ॲपवरून पैसे पाठवतेय, बिलं भरतेय, कोणाच्याही मदतीशिवाय. गेल्या महिन्यात तुम्ही ॲपचं रूपडं बदललंत. आधी बोट फिरवलं की 'पैसे पाठवा', 'शिल्लक', 'व्यवहार' ऐकू यायचं. आता ऐकू येतं 'लेबल नसलेलं बटण'. खालच्या पट्टीत अशी पाच आहेत. चौथं दाबलं की लॉगआउट होतं, हा शोध मला दोनदा लागला. पिनच्या कीपॅडची तर कमालच. आकडे दर वेळी जागा बदलतात आणि प्रत्येक आकडा म्हणजे नुसतं चित्र, त्यामुळे जागा पाठ करायचीही सोय नाही. 3 वेळा पिन चुकला, 24 तास खातं बंद.

बटणाला लेबल म्हणजे कोडमधली एक ओळ, हे तुमच्या इंजिनिअरांना मी सांगायला नको. जुन्या आवृत्तीत ती होती. म्हणजे कोणीतरी लिहिली होती आणि कोणीतरी काढून टाकली. चित्राला मजकुराचा पर्याय द्या, हा डब्ल्यूसीएजीचा, म्हणजे वेबसाइट-ॲप अपंगांनाही वापरता यावीत यासाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीचा, पहिलाच निकष आहे, 1.1.1. 1999 सालच्या पहिल्या आवृत्तीतही सुरुवात त्याच मुद्द्याने होते.

आता आजचा फोन. तुमचा मुलगा नम्र होता, नाही म्हणत नाही. पहिल्याच वाक्यात त्याला सांगितलं, मला दिसत नाही.
'ओके मॅडम. स्क्रीनवर उजवीकडे वर निळं चिन्ह दिसतंय का?'
नाही दिसत.
'ब्राइटनेस वाढवून बघा ना.'
पुन्हा सांगितलं, मी अंध आहे.
'ओके ओके. मग एक स्क्रीनशॉट पाठवता का?'
तुमचं ॲप सुरक्षेसाठी स्क्रीनशॉट काढूच देत नाही, ही माहिती त्याला माझ्याकडून मिळाली. मग होल्ड. परत आला तो तोडगा घेऊनच. 'मॅडम, घरात कोणी डोळस आहे का? त्यांना फोन द्या, पिन सांगा, ते टाकतील.'
आणि कोणी नसेल तर?
'मग शेजारी वगैरे?'

शेजारी! दर आठवड्याला तुमचाच मेसेज येतो, पिन कोणालाही सांगू नका, आमच्या कर्मचाऱ्यालाही नाही. माझा फोन तो अगदी खणखणीत वाचतो, कारण तो साधा मजकूर असतो. उद्या शेजाऱ्याने खातं साफ केलं तर तुम्ही हात वर करणार, पिन तुम्हीच दिलात म्हणून. हे मी त्याला विचारलं. तो जरा गप्प बसला. मग म्हणाला, 'मी तुमची अडचण समजू शकतो, मॅडम.' कॉल चालू असतानाच मेसेज आला, 'तक्रारीचं निवारण झालं आहे. कृपया अभिप्राय द्या.' लिंक उघडली. पाच तारे असावेत. मला ऐकू आली पाच लेबल नसलेली बटणं.

संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या अपंग हक्क करारातलं कलम 12 काढून वाचा. आपले आर्थिक व्यवहार आपल्या हातात ठेवण्याचा समान हक्क त्यात लिहिलाय. तो हक्क शेजाऱ्याचा नाही. तुमच्या वेबसाइटवर 'सर्वसमावेशकता' नावाचं पान आहे म्हणे. वरच्या चित्राचं वर्णन माझा फोन असं करतो: 'बॅनर फायनल दोन डॉट जेपीजी'. बरं आहे.

खरं तर तुमचं ॲप मी चार-पाच अंध मैत्रिणींना स्वतःहून घ्यायला लावलं होतं. आता त्यांचे फोन मला येतात.

15 दिवसांत लेबलं परत हवीत आणि कीपॅडचे आकडे बोलायला हवेत. नाहीतर खातं बंद करेन आणि हा कॉल नियामकाकडे जाईल. कॉल रेकॉर्ड होत असल्याचं तुम्हीच सुरुवातीला ऐकवता. माझ्याकडेही रेकॉर्डिंग आहे.

उत्तर साध्या मजकुरात पाठवा. मागचं तुम्ही स्कॅन करून पाठवलं होतंत. त्यात काय लिहिलं होतं, ते मला अजून कळलेलं नाही.

आपली, अजून तरी,
ग्राहक