दोरीला टांगलेल्या लिंबाबद्दल आभार

आदरणीय मॅडम,
सविनय नमस्कार.

गेल्या वर्षी ऊसगाळपाच्या हंगामात मी डोळे दाखवायला आपल्याकडे आले, तेव्हा माझी तक्रार ऐकून आपण हसला नाहीत, याबद्दलचे आभार आधी मानते. त्यापूर्वी दोन ठिकाणी मी तेच गाऱ्हाणे मांडले होते, आणि दोन्हीकडे तक्त्यावरची शेवटची ओळ वाचून घेऊन 'डोळे उत्तम आहेत' असे सांगून मला परत पाठवण्यात आले होते. ती ओळ मी खरोखरच बिनचूक वाचली होती. अडचण अक्षरांची नव्हतीच. तक्त्यावरची अक्षरे जागची हलत नाहीत.

अडचण होती ती खानापूर रस्त्यावर. शाळेतील मुलांना रस्ता ओलांडून देणे हे माझे रोजचे काम. डाव्या डोळ्याच्या नसेला दाह होऊन गेला होता आणि उपचारांनंतर नजर परत आली होती. परंतु तेव्हापासून रस्त्याच्या कडेला उभी राहिले, की उजवीकडून येणारी उसाची ट्रॉली अंगावर वळल्यासारखी भासे आणि मी मुलांना मागे ओढत असे, तर पलीकडच्या बाजूने डावीकडून उजवीकडे जाणारी बस होती त्याहून बरीच दूर, जवळजवळ गटारीपलीकडून गेल्यासारखी वाटे. घरी सुईत दोरा मात्र पहिल्या प्रयत्नात ओवला जाई. घरच्यांना हे मनाचे खेळ वाटत होते, आणि खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटू लागले होते.

आपण दोनच प्रश्न विचारलेत: उभी असलेली बस तिच्या जागीच दिसते का, आणि एक डोळा झाकला तर काय होते? त्या दिवशी शनिवार होता. दाराला बांधण्यासाठी आणलेल्या लिंबू-मिरचीतले लिंबू आपण दोरीला बांधून माझ्यासमोर डावीकडून उजवीकडे, सरळ रेषेत झुलवलेत. (नजर लागू नये म्हणून आणलेले लिंबू नजरेच्याच तपासणीला कामी यावे, याची गंमत आजही वाटते.) मला ते सरळ झुलताना दिसेना. उजवीकडे जाताना ते लांबून जाई, डावीकडे परतताना नाकासमोरून येई. जणू कोणी ते लंबगोल फिरवीत होते. मग आपण माझ्या उजव्या, म्हणजे चांगल्या डोळ्यापुढे एक काळसर काच धरलीत आणि लिंबू मुकाट्याने सरळ रेषेत झुलू लागले.

आपली बोलण्याची भाषा कन्नड. तरीही त्यानंतरचा अर्धा तास आपण मला सगळे मराठीत, शब्द अडला तेथे कागदावर रेघा ओढून समजावलेत. आपल्या दोन डोळ्यांत सहा-साडेसहा सेंटिमीटरचे अंतर असल्यामुळे दोघांना एकच वस्तू किंचित वेगळ्या जागी दिसते, आणि मेंदू त्या फरकावरून ती किती दूर आहे हे ठरवतो, ही गोष्ट इंग्रज शास्त्रज्ञ व्हीटस्टन यांनी 1838 मध्ये मांडली, एवढे मी पुस्तकात वाचले होते. त्या हिशेबात वेळही धरलेली असते, हे मात्र कधी मनात आले नव्हते. दाहामुळे नसेवरचे मायेलिनचे वेष्टण विरळ झाले, की तिच्यातून जाणारा संदेश उशिरा पोहोचतो. ताशी 15 किलोमीटर वेगाने जाणारी सायकल 10 मिलिसेकंदांत सुमारे 4 सेंटिमीटर पुढे सरकते; म्हणजे एवढ्याशा उशिरानेही माझा डावा डोळा तिला 4 सेंटिमीटर मागे दाखवणार, आणि मेंदू तो फरक उशिराचा न मानता अंतराचा मानणार. उभ्या बसला मागचे-पुढचे काही नसते, म्हणून ती जागेवर राहते.

काळ्या काचेचे मर्म मला सर्वांत जास्त आवडले. अंधूक प्रकाशात डोळ्याचा पडदा सावकाश प्रतिसाद देतो. म्हणून डाव्याला वेगवान करता येत नसेल, तर उजव्याला तेवढेच मागे ठेवायचे. निरोगी डोळ्यापुढे काच धरून हा लंबगोलाचा भास मुद्दाम निर्माण करता येतो, याचे स्पष्टीकरण 1922 मध्ये प्रसिद्ध करणारे जर्मन शास्त्रज्ञ पुल्फ्रिख हे स्वतः एका डोळ्याने अंध होते, त्यामुळे त्यांना तो कधी दिसलाच नाही, हेही आपणच सांगितलेत.

उजव्या बाजूला फिकट काळसर काच असलेला चष्मा मी आता दिवसा वापरते. आपल्या सांगण्याप्रमाणे रात्री स्कूटर चालवत नाही आणि मज्जातंतूंच्या डॉक्टरांकडची तपासणीही चुकवत नाही. ट्रॉल्या आता आपापल्या बाजूने जातात. दोन डोळ्यांना दोन रंगांच्या काचा पाहून वर्गात पहिला आठवडा हशा झाला, तो मी सोसला.

त्याच हशाला उत्तर म्हणून मी वर्गात दोरीला लिंबू बांधले आणि मुलांना एका डोळ्यावर गॉगलची काच धरून पाहायला लावले. सगळी ओरडली, 'बाई, गोल फिरतंय!' मागच्या बाकावरचा एक मुलगा मात्र ते सरळच जाते असे तीनदा म्हणाला, आणि मला पुल्फ्रिख आठवले. त्याची आई येत्या गुरुवारी त्याला घेऊन आपल्याकडे येत आहे. घरी मराठीच बोलतात. कृपया त्यांनाही तसेच रेघा ओढून सांगावे.

आपली कृतज्ञ,
लिंबाची आठवण ठेवणारी शिक्षिका