बाबांच्या क्लॅरिनेटबद्दल

फोंडा,
श्रावण, शुक्रवार रात्र

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू तुझ्या बाबांचं क्लॅरिनेट भिंतीवर लावायचं म्हणालास आणि मी "कळवतो" एवढंच म्हणून ठेवून दिला, त्याचा राग मानू नकोस. फोनवर मला धड बोलता येत नाही हे तुला शाळेपासून ठाऊक आहे. त्यात पाऊस असा कोसळत होता की पत्र्यावरच्या आवाजात तुझं निम्मं ऐकूच आलं नाही. शेवटचं वाक्य मात्र नीट ऐकू आलं.

आधी कामाचं. म्हार्दोळच्या माडीवरून वाद्य काढून तू थेट पुण्याला नेलंस, ही घाई झाली. इतकी वर्षं दमट हवेत राहिलेलं लाकूड ते. पुण्याची थंडी सुरू झाली की कोरडं पडून तडकेल. खोक्यातच ठेव, आणि उन्हात वाळवायचं तर डोक्यातही आणू नकोस.  सांध्यांवरचं बूच सुकून बसलं असेल, तर पिळून जोडायला जाऊ नकोस. आणि कृपा करून खोबरेल लावू नकोस! तू लावशील याची मला खात्री आहे, म्हणून लिहितो.

तू पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला. उजव्या करंगळीकडे दोनच चाव्या आहेत. हल्लीच्या बोम पद्धतीच्या, म्हणजे चाव्यांच्या नव्या मांडणीच्या वाद्याला तिथं चार असतात. म्हणजे बाबांचं हे जुन्या अल्बर्ट पद्धतीचं. न्यू ऑर्लीन्सचे पहिले जाझवाले हेच वाजवत. बाबांना हे सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, "असेल बाबा, मला तर म्हाळसेच्या उत्सवात पुरतं."

मला आठवतात ते मांडवात पेटीवाल्याच्या डाव्या अंगाला बसलेले. नाटक सुरू व्हायच्या आधी अर्धा तास रीड, म्हणजे फुंकायची ती पातळ पट्टी, जिभेवर भिजत ठेवायची त्यांची सवय. त्यामुळे त्या अर्ध्या तासात ते बोबडं बोलत, आणि आपण दोघं मुद्दाम त्यांना काहीबाही विचारत असू. पेटीवाल्याला ते बोबड्यातच बजावत, "काळी पाच धर." का, ते मला फार उशिरा कळलं. त्या क्लॅरिनेटवर 'दो', म्हणजे पाश्चात्त्यांचा सा, वाजवला की पेटीवर काळी पाच, सप्तकातली पाचवी काळी पट्टी, बोलते. बाबांचं सगळं गणित तिथून सुरू व्हायचं.

आणखी एक गंमत. सनई वरच्या पट्टीत फुंकली की सा चा वरचा सा होतो. क्लॅरिनेटला अंगठ्यामागची चावी उघडली की सा चा वरच्या सप्तकातला पंचम होतो. सनईची नळी खाली रुंदावत जाते, ह्याची सरळसोट असते, म्हणून हा फरक. त्यामुळे खालच्या आणि वरच्या पट्टीची बोटं वेगवेगळी, आणि मधे एक ओढा लागतो: एका स्वराला जवळजवळ सगळी भोकं उघडी, तर लगेच पुढच्याला सगळी एकदम बंद. एक बोट जरी अर्धं बसलं तरी 'चीं' होतं. बाबांच्या ओसरीवर संध्याकाळी ते 'चीं' किती ऐकलंय आपण! मुलं हसायची, पण बाबा कधी हसले नाहीत. नुसतं "परत" म्हणायचे.

आता तुझ्या त्या शेवटच्या वाक्याकडे येतो. "बाबांचं तसं काही झालं नाही," म्हणालास. मुंबईच्या स्टुडिओतून बोलावणं आलं होतं, ते गेले नाहीत, हे तुझ्या मनात सलतं. मलाही सलायचं. खोटं कशाला बोलू?

गेले दोन महिने मी एका माणसाला ऐकतोय. आल्विन बॅटिस्ट. १९३२ साली न्यू ऑर्लीन्समध्ये जन्मला. क्लॅरिनेट वाजवणारा. ऐन उमेदीत सॅक्सोफोनवाल्या ऑर्नेट कोलमनच्या संगतीत होता, १९५८ च्या सुमारास गायक रे चार्ल्सच्या बँडबरोबर हिंडला. न्यू ऑर्लीन्स फिलहार्मोनिक ह्या वाद्यवृंदाबरोबर वाजवणारा पहिला कृष्णवर्णीय एकलवादक तो, आणि वाजवला काय, तर मोझार्ट. असा माणूस न्यूयॉर्कला जाऊन बसला असता तर आज त्याचं नाव तुलाही माहीत असतं.

तो मुलं शिकवायला बसला. बॅटन रूजच्या सदर्न विद्यापीठात, जिथं स्वतः शिकला होता तिथंच. घरापासून अंतर म्हणशील तर इथून बेळगाव धर. १९६९ साली तिथं जाझ शिकवायचा विभाग उभा केला, जेव्हा जाझ कॉलेजात शिकवायची गोष्ट आहे हेच फार लोकांना मान्य नव्हतं. ब्रॅनफर्ड मार्सालिस आणि डोनाल्ड हॅरिसन हे सॅक्सोफोनवाले त्याच्या हाताखालून गेले, अंध पियानोवादक हेन्री बटलर गेला. पुढे न्यू ऑर्लीन्सच्या कलाशाळेत अगदी शाळकरी पोरांनाही शिकवलं. स्वतःच्या नावाच्या तबकड्या मोजक्याच. त्यातली शेवटची, २००७ सालची, काढली ब्रॅनफर्डच्या कंपनीने. शिष्याने गुरूची तबकडी काढावी, हे आपल्याकडे कितीदा घडतं?

त्या तबकडीतलं त्याचं वाजवणं ऐकताना एक जाणवतं. तो कुठंही 'बघा, मला किती येतं' असं वाजवत नाही. खालच्या पट्टीत जाड, लाकडी आवाजात एक वाक्य म्हणतो, थांबतो, तेच थोडं वाकवून पुन्हा म्हणतो. समोर पोरगं बसलंय आणि त्याला हे उद्या वाजवायचंय, असं. मला तर मधेच "परत" ऐकू येतं. माझे कान, दुसरं काय.

त्याच वर्षी ६ मे ला न्यू ऑर्लीन्सच्या जाझ महोत्सवात त्याचा सत्कार होता. ब्रॅनफर्डबरोबर वाजवायचं ठरलं होतं. त्याच दिवशी, कार्यक्रमाच्या काही तास आधी, हृदयविकाराने गेला. चौऱ्याहत्तर वर्षांचा होता.

आपले गोंयकार मुंबईला गेले ते चुकले असं मी म्हणत नाही. चर्चच्या शाळेत सोल्फा (दो-रे-मी) घोकून, व्हायोलिन शिकून गेलेल्या ह्या लोकांनी हिंदी सिनेमाचा वाद्यवृंद उभा केला. हळदोण्याचा ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट गेला, माजोर्ड्याचे व्हायोलिनवाले अँथनी गोन्साल्विस गेले. पण बघ, गोन्साल्विसांचं नाव देशाच्या तोंडी बसलं ते त्यांचा शिष्य प्यारेलालने १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तल्या त्या गाण्यात ते घातलं म्हणून. लोकांना वाटतं ते नुसतं अमिताभच्या पात्राचं नाव.

मी स्वतः एका शाळेत एकोणीस वर्षं संगीत शिकवलं. तिथं चार क्लॅरिनेटं होती, कपाटात कुलुपाखाली. फक्त २६ जानेवारीला बाहेर निघायची. चावी मागितली की "पोरं मोडतील" हे उत्तर. मी निवृत्त झालो तोवर चारींचे पॅड, म्हणजे चाव्यांखालच्या गाद्या, उंदरांनी खाल्ले होते. भिंतीवर वाद्य लावायची तुझी कल्पना ऐकून मला ते कपाटच दिसलं.

माझ्याकडे कुंडईचा एक मुलगा येतो, आठवीत आहे. मेरठच्या बनावटीचं, उसनं क्लॅरिनेट वाजवतो. बाबांचं त्याला द्यावं असं आधी मनात आलं, पण नको. अल्बर्टची बोटं वेगळी, त्याचा हात बिघडेल. विकायचं म्हणशील तर येणारा माणूस दिवाणखान्यात ठेवायलाच नेईल. तेव्हा चवथीला येशील तेव्हा घेऊन ये, रेल्वेत वरच्या फळीवर न टाकता मांडीवर धरून. पॅड मी बदलून घेतो.

माशेलचा तो शिंपी आठवतो? ओसरीवर सगळ्यात जास्त 'चीं' करणारा. आता पासष्टीचा आहे, जत्रेच्या बँडमध्ये अजून वाजवतो. ह्या जुन्या वाद्याची बोटं आता इथं त्यालाच येतात. काल त्याला सांगितलं तर मशीन थांबवून बघतच राहिला. मग म्हणाला, "चवथीच्या आदल्या दिवशी रीड भिजवून ठेवतो."

वहिनींना नमस्कार. येताना चितळ्यांची बाकरवडी विसरलास तर दार उघडणार नाही.

तुझाच